पावडरीच्या डब्याआधी जेवणाचा डबा : किशोर खेळाडूंना आहार कसा शिकवावा?

सकाळी साडेसहाला चहा आणि पोदेराचा एक पाव. मधल्या सुट्टीत कँटीनमधला समोसा. दीड वाजता शाळा सुटते. घरी पोहोचून भात-आमटीचे जेमतेम चार घास पोटात जातात, कारण अडीचला शिकवणी असते. शिकवणीहून परस्पर मैदान. पाच ते साडेसहा सराव, मग घर, अंघोळ, गृहपाठ आणि रात्री नऊ वाजता दिवसातले पहिले पोटभर जेवण. नववी-दहावीत शिकणाऱ्या आणि एखादा खेळ मनापासून खेळणाऱ्या गोव्यातील कितीतरी मुलामुलींचा दिवस साधारण असाच जातो.

सराव सुरू होऊन पाऊण तास झाला की यातल्या अनेकांचे पाय जड होऊ लागतात. चेंडूवरचा पहिला स्पर्श चुकतो, हाक ऐकू येत नाही, चिडचिड होते. प्रशिक्षक म्हणतात, दम कमी पडतो आहे. आणि मैदानाला दोन फेऱ्या वाढवतात. पालकांना काळजी वाटते आणि ते औषधाच्या दुकानात किंवा जिममधल्या ओळखीच्या माणसाकडे चौकशी करतात : कोणती प्रोटीन पावडर चांगली? दोघांचाही हेतू चांगलाच असतो. मात्र मूल दिवसभर अर्धपोटी आहे, ही साधी गोष्ट दोघांच्याही लक्षात आलेली नसते.

किशोर खेळाडूंच्या आहारशिक्षणाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. काय टाळावे याची लांबलचक यादी किंवा कोणती पावडर घ्यावी याची चर्चा नंतरची. पुरेसे खाणे आणि वेळेवर खाणे हा पहिला धडा.

खर्च दोन, ताट एक

प्रौढ खेळाडू जे खातो ते त्याच्या दैनंदिन व्यवहारासाठी आणि खेळासाठी असते. किशोर खेळाडूच्या शरीरात याखेरीज तिसरे काम चालू असते, ते म्हणजे वाढ. उंची वाढते, हाडे घट्ट होतात, स्नायू भरतात, रक्ताचे प्रमाण वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये भारतीयांसाठी पोषणाची जी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांतून हे स्पष्ट दिसते. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे २७१० किलोकॅलरी ऊर्जा लागते, तर १६ ते १८ वयोगटातील मुलाला ३३२०. त्याच प्रकारचे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला २१३०, तर त्या वयोगटातील मुलीला २५००. म्हणजे मुलाची भूक वडिलांपेक्षा आणि मुलीची भूक आईपेक्षा मोठी असणे हे स्वाभाविकच आहे. ही प्रमाणे सर्वसाधारण मुलांसाठी आहेत. रोज दीड-दोन तास कसून सराव करणाऱ्यांचा खर्च त्याहून अधिक असतो.

हा खर्च भागला नाही तर शरीर काटकसर करते. खेळासाठी लागणारी ऊर्जा ते आधी देऊन टाकते आणि कपात करते ती वाढीत, हाडांच्या बांधणीत, प्रतिकारशक्तीत आणि संप्रेरकांच्या कामात. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ अशा अर्थाचे नाव दिले आणि २०२३ मध्ये त्याविषयीचे मार्गदर्शन नव्याने मांडले. पूर्वी हा प्रश्न केवळ मुलींचा मानला जाई. मुलगेही यातून सुटत नाहीत, हे आता मान्य झाले आहे.

या कमतरतेची लक्षणे एकाएकी दिसत नाहीत. सराव वाढूनही कामगिरी घसरते. सर्दी-खोकला वारंवार होतो. नडगीचे किंवा पायाच्या पंजाचे दुखणे बरे होऊन पुन्हा उद्भवते. तपासल्यावर हाडाला बारीक तडा गेलेला आढळतो. मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. ‘खेळणाऱ्या मुलींचे असे होतेच’ म्हणून मैदानावर अनेकदा याकडे दुर्लक्ष केले जाते. तीन महिने पाळी आली नाही, किंवा वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत ती सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायला हवे. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या साठ्यापैकी सुमारे नव्वद टक्के साठा मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत तयार होतो. या वर्षांत राहिलेली उणीव पुढे पूर्ण भरून काढणे कठीण असते.

प्रथिनांचा हिशेब

आता पावडरीचा प्रश्न. स्नायूंची झीज भरून काढण्यासाठी आणि ते वाढवण्यासाठी प्रथिने लागतात, यात वाद नाही. नियमित व्यायाम करणाऱ्या खेळाडूने शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे क्रीडा-आहारशास्त्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. ५० किलो वजनाच्या मुलासाठी हे प्रमाण किमान ६० ग्रॅम होते. एवढी प्रथिने घरच्या जेवणातून मिळतात का?

हिशेब करून पाहता येईल. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम. दोन लहान पेले, म्हणजे ३०० मिलिलिटर दुधातून साधारण १० ग्रॅम. मूठभर सुक्या मुगाच्या किंवा अळसांद्यांच्या उसळीतून ९ ग्रॅम. एका मध्यम बांगड्यातून, म्हणजे १०० ग्रॅम मासळीतून, १८ ते २० ग्रॅम. दिवसभरातील भात, चपात्या, पाव मिळून ३०० ग्रॅम धान्य पोटात गेले तर त्यातून आणखी २० ग्रॅमच्या आसपास. बेरीज ७० च्या घरात जाते. घर शाकाहारी असेल तर अंडी आणि मासळीच्या जागी उसळीची आणखी एक वाटी, मूठभर शेंगदाणे आणि मोठी वाटीभर दही ठेवले तरी ६० चा आकडा गाठता येतो.

अडचण येते ती वाटणीत आणि सातत्यात. बहुतेक घरांत उसळ, मासळी किंवा अंडे दिवसातून एकाच जेवणात असते आणि बाकीचा दिवस चहा, पाव, बिस्किटे, पातळ आमटी यांवर निघतो. शरीर मात्र प्रथिने थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा मिळाली तर त्यांचा अधिक चांगला उपयोग करते. सकाळच्या पावासोबत एक अंडे आणि सरावानंतर एक पेला दूध, एवढा बदलही पुष्कळ फरक करतो.

गोव्यात याला ऋतूचीही एक बाजू आहे. यांत्रिक मासेमारीवरील बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. तिच्यामागोमाग किंवा तिच्यातच श्रावण येतो आणि अनेक हिंदू घरांत महिनाभर शिवराक जेवण असते. पावसाळ्यातील शालेय स्पर्धांचे दिवसही हेच. इतर वेळी ज्या घराची प्रथिनांची गरज प्रामुख्याने मासळी भागवते, तिथे या काळात ताटातून मासळी जाते आणि तिच्या जागी दुसरे काहीच येत नाही. श्रावण पाळू नये असे नाही. मासळीची जागा रिकामी ठेवू नये, एवढेच. मूग, चवळी, वाटाणे, चणे, दूध, दही, शेंगदाणे ही सारी शिवराक जेवणातलीच आहेत. सोमवारी उपवास आणि सोमवारीच कसून सराव असेल तर मुलाने उपवास करावा की सराव हलका ठेवावा, हे घराने आणि प्रशिक्षकांनी आधी बोलून ठरवावे.

पावडर हे विष नव्हे. पण ती जेवणाला पर्यायही नाही. कर्बोदकेच पुरेशी मिळाली नाहीत तर शरीर महागड्या पावडरीतील प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणे टाळावे, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. खेळाडूसाठी आणखी एक धोका असतो. काही उत्पादनांत वेष्टनावर न लिहिलेले, बंदी असलेले पदार्थ मिसळलेले असतात. उत्तेजकविरोधी नियमांनुसार आपल्या शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूची असते. ‘मला ठाऊक नव्हते’ म्हटल्याने तो आपोआप निर्दोष ठरत नाही. १६ वर्षांखालील खेळाडूंना नियमांत काही संरक्षण आहे, तरी चौकशी आणि बदनामी यांतून जाणारे ते मूलच असते.

घड्याळाप्रमाणे ताट

सरावाच्या वेळी स्नायूंना मुख्यतः कर्बोदके इंधन पुरवतात. ती स्नायूंत आणि यकृतात मर्यादित प्रमाणात साठवलेली असतात. साठा संपत आला की पाय जड होतात आणि निर्णय चुकू लागतात. भात आणि पाव ‘जड’ म्हणून कमी करणे आणि त्याच वेळी सराव वाढवणे हे परस्परविरोधी आहे. म्हणूनच काय खावे याच्या बरोबरीने केव्हा खावे हेही शिकवावे लागते.

पाच वाजताचा सराव धरला तर दिवस पुढीलप्रमाणे बसवता येतो :

• दीड-दोन वाजता पूर्ण जेवण : भात किंवा चपाती, आमटी किंवा उसळ, भाजी, शक्य असेल तर मासळी किंवा अंडे. सरावाला तीन तास असल्याने पोट भरून जेवायला हरकत नाही.

• चार-सव्वाचार वाजता हलके खाणे : एक-दोन केळी, गूळ-चपाती, पोहे किंवा उकडलेले रताळे. तळलेले आणि फार तेलकट पदार्थ या वेळी नकोत; ते पचायला वेळ लागतो आणि पळताना पोटात गोळा येतो.

• सरावानंतर तासाभराच्या आत : दूध आणि केळे, अंडे आणि पाव, किंवा नाचणीची दुधातली पेज. रात्रीचे जेवण नऊला असेल तर हा टप्पा चुकवून चालत नाही.

• रात्रीचे जेवण : नेहमीसारखेच, प्रथिनांचा एक पदार्थ नक्की असलेले.

यात घराबाहेरचे सारे वर्ज्य नाही. सरावानंतर गाड्यावर मुले जमतातच. तिथे रस-ऑम्लेट आणि पाव घेणारा मुलगा मंचुरियन किंवा चिप्सचे पाकीट घेणाऱ्यापेक्षा पुष्कळ चांगली निवड करतो : अंडे आहे, पाव आहे, मीठही आहे. अशी निवड ओळखता येणे हासुद्धा आहारशिक्षणाचा भाग आहे.

पहाटेच्या सरावाचे गणित वेगळे. जलतरणाची मुले साडेपाचला पाण्यात उतरतात आणि बहुतेक जण रिकाम्या पोटी. रात्रभराच्या उपवासानंतर यकृतातला साठा खालावलेला असतो. एवढ्या लवकर जेवण जाणार नाही हे खरे. पण एक केळे, दोन खजूर किंवा पेलाभर पातळ पेज जाऊ शकते. सराव संपल्यावर मात्र शाळेच्या घाईत न्याहारी बुडता कामा नये. डबा बरोबरच असावा.

पेजेचा उल्लेख येथे मुद्दाम करायला हवा. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज पाणी, मीठ आणि कर्बोदके एकत्र देते. आजी-आजोबांच्या पिढीने शेतावरून आल्यावर ती प्यायली ती सोय म्हणून. घाम गाळून आलेल्या खेळाडूलाही ती तितकीच उपयोगी आहे. तिच्यात प्रथिने कमी असतात, म्हणून सोबत उसळ, अंडे किंवा मासळी हवी.

घाम, पाणी आणि बाटल्या

किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि म्हणून शरीर लवकर थंड होत नाही. ते आणखी घाम गाळत राहते. किती पाणी गेले हे मुलांना स्वतःच मोजता येते. सरावाआधी आणि सरावानंतर, घामाचे कपडे बदलून, वजन करावे. एक किलो कमी झाले असेल तर शरीरातून साधारण एक लिटर पाणी गेले. ते पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पिऊन भरून काढावे. वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ५० किलोच्या मुलात एक किलोहून अधिक, कामगिरीवर परिणाम करते. उलट सरावानंतर वजन वाढलेले आढळले तर मूल गरजेपेक्षा अधिक पाणी पीत आहे, तेही धोक्याचे. वजन असे मोजायचे ते पाण्यासाठी, प्रत्येकाने आपापले आणि खासगीत. सगळ्यांसमोर आकडे वाचून दाखवायचे नाहीत.

तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. उन्हात त्याहून दीर्घ खेळ असेल किंवा एका दिवसात दोन सामने असतील तर साखर-मीठ घातलेले पेय उपयोगी पडते. ते घरी होते : अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, दोन चिमूट मीठ आणि लिंबू किंवा कोकम. बाजारातील रंगीत क्रीडापेयांत याहून फार वेगळे काही नसते.

‘एनर्जी ड्रिंक’ ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्यांतली ‘एनर्जी’ साखरेची आणि कॅफीनची असते. मुलांच्या व किशोरांच्या आहारात या पेयांना स्थानच नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये सांगितले. आपल्याकडेही अशा पेयांच्या डब्यावर ते मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना छापणे अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांत असते. ती शोधून मोठ्याने वाचायला लावणे हा एक चांगला पाच मिनिटांचा पाठ होऊ शकतो.

मुलींचे लोह

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. लोह कमी पडले की रक्तातून स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो. अशी मुलगी ‘आळशी’ नसते. तिच्या रक्ताला तेवढा भार पेलवत नसतो. १३ ते १५ वयोगटातील मुलींना दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते, मुलग्यांना २२. जेवणात मात्र घरोघरी याच्या उलट चित्र असते : मोठा तुकडा मुलग्याच्या पानात जातो.

तांबडी भाजी, नाचणी, कडधान्ये, तिसऱ्या व इतर शिंपल्या, मासळी, मटण यांतून लोह मिळते. भाज्या-धान्यांतले लोह शरीरात कमी शोषले जाते. सोबत लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर शोषण सुधारते. जेवणाबरोबर घेतलेला चहा हेच शोषण अडवतो. चहा-पाव हीच न्याहारी असलेल्या राज्यात हे सांगणे महत्त्वाचे आहे : चहा सोडू नका, जेवणापासून तासभर लांब ठेवा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात राहू नये. खेळणाऱ्या प्रत्येक मुलीची हिमोग्लोबिन तपासणी हंगामाच्या सुरुवातीला व्हावी. डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी आकडा आला तर गोळ्या मनाने सुरू न करता डॉक्टरांना विचारावे.

कॅल्शियमची गोष्टही अशीच. या वयात दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास गरज असते. १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६०. दूध न आवडणाऱ्या मुलांसाठी नाचणीची भाकरी, दही आणि काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळी हे मार्ग आहेत.

शिकवायचे कसे?

माहिती मिळते, तरी सवय बदलत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हाडांच्या साठ्याविषयी सांगितले तर तो मान डोलावतो आणि पुन्हा समोसा घेतो. म्हणून शिकवण्याची रीत महत्त्वाची ठरते.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात लिन गोल्डबर्ग आणि डायन एलियट या डॉक्टरांनी १९९३ पासून शालेय अमेरिकन फुटबॉल संघांसाठी ‘ॲटलस’ नावाचा कार्यक्रम राबवला. स्टेरॉइडपासून मुलांना दूर ठेवणे हा त्याचा मूळ हेतू. त्यापूर्वीच्या प्रयोगांत असे दिसले होते की केवळ दुष्परिणामांची भीती घातल्याने मुलांचा विचार बदलत नाही. तेव्हा त्यांनी रीत बदलली. संघाचे छोटे गट केले. प्रत्येक गटातील एका खेळाडूला शिकवून तयार केले. धडे त्यानेच सोबत्यांना दिले, प्रशिक्षक देखरेखीला. ‘हे घेऊ नका’ इतकेच न सांगता ‘त्याऐवजी असे खा, असा व्यायाम करा’ हे करून दाखवले. १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : स्टेरॉइड घेण्याचा इरादा कमी झाला आणि खाण्याच्या सवयी सुधारल्या. पुढे मुलींच्या संघांसाठी ‘अथिना’ हा वेगळा कार्यक्रम आखला गेला, कारण मुलींवरचे दडपण बारीक राहण्याचे आणि त्यासाठी गोळ्या घेण्याचे होते. त्याचेही परिणाम चांगले दिसले.

यातून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. संघात शिकवावे, कारण या वयात सोबत्यांचा शब्द मोठा असतो. खेळाच्या भाषेत शिकवावे : ‘आरोग्यासाठी’ यापेक्षा ‘सत्तराव्या मिनिटाला पाय चालावेत म्हणून’ हे पटते. आणि प्रशिक्षकाने स्वतः हजर राहावे. त्याला जे महत्त्वाचे वाटते तेच संघाला महत्त्वाचे वाटते.

२०२३ मध्ये ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली आणि त्यानिमित्ताने मैदाने व क्रीडासंकुले सजली. त्या मैदानांवर पंधरवड्यातून एकदा, सराव सुरू होण्याआधी वीस मिनिटे, एवढ्या वेळात पुढील पाठ बसतात. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

पहिला पाठ : प्रत्येकाने कालचा दिवस कागदावर घड्याळासारखा मांडायचा आणि खाल्लेले त्यावर लिहायचे. मोठी रिकामी जागा आपोआप दिसते. दुसरा : पाण्यासाठी वजन मोजणे. तिसरा : वेष्टन वाचणे, एका बाटलीत किती चमचे साखर आहे ते प्रत्यक्ष मोजून कागदावर ओतणे. चौथा : चार वाजताचा डबा; प्रत्येकाने घरातले काहीतरी आणायचे आणि गटाने त्यातून उत्तम निवड करायची. पाचवा : सामन्याच्या दिवसाची रंगीत तालीम, त्या दिवशी नवे काहीही पहिल्यांदा खायचे नाही, हा नियम.

पालकांनाही यात घ्यावे लागते, आणि ‘पालक’ म्हणजे एकटी आई नव्हे. अनेक घरांत आई नोकरीला असते, स्वयंपाक आजी करते आणि बाजार वडील करतात. मुलाला स्वतः अंडी उकडता येणे, पोहे करता येणे, रात्री मूग भिजत घालता येणे हा सोपा उपाय आहे. मुलग्यांनाही तो तितकाच लागू आहे.

जे बोलू नये

प्रशिक्षकाचा एक शब्द वर्षभर मनात राहतो. ‘पोट सुटलंय’, ‘दोन किलो उतरव, मग संघात घेतो’ अशी वाक्ये मैदानावर सहज बोलली जातात. त्यातून जेवण चोरून टाळणे, खाल्ल्यावर ओकून टाकणे, सतत आरशात पाहणे सुरू होऊ शकते. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, तायक्वांदो यांसारख्या वजनगटाच्या खेळांत धोका सर्वाधिक. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरली. आदल्या रात्री तिने वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या कष्टांच्या बातम्या देशभर वाचल्या गेल्या. ती प्रौढ खेळाडू होती आणि तिच्याभोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ होते. शाळकरी मुलांनी त्यातून घाम गाळून वजन उतरवण्याची रीत उचलणे घातक आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीपटूंचा अशाच प्रयत्नांत काही आठवड्यांच्या अंतराने मृत्यू झाला आणि तेथील नियम बदलावे लागले. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वाढणारच. त्याला जुन्या गटात कोंबण्याऐवजी वरच्या गटात खेळवणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

मूल सतत दमलेले असेल, वजन घटत असेल, तेच दुखणे पुन्हा पुन्हा होत असेल, चारचौघांत जेवणे टाळत असेल किंवा मुलीची पाळी थांबली असेल, तर सराव वाढवू नये आणि पावडरही आणू नये. आधी डॉक्टरांकडे जावे, शक्य असेल तर आहारतज्ज्ञाकडेही.

बाकीच्या मुलांसाठी सुरुवात याहून सोपी आहे. उद्या सराव सुरू करण्यापूर्वी प्रशिक्षकांनी संघाला एकच प्रश्न विचारावा : आज दुपारी कोण काय जेवले? उत्तरे ऐकल्यावर पुढचा पाठ कोणता घ्यायचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.